बेटांचं अर्थशास्त्र शिकून नोकरी लागेल का?

प्रश्न: मुलगी बेळगावात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय अर्थशास्त्र. मॉरिशससारखी छोटी बेटं कशी पुढं आली, यावरच काम करायचं म्हणते. पीयूसी (अकरावी-बारावी) आर्ट्समधून केली, गणित नव्हतं. यात नोकरी आहे का? – एक पालक, निपाणी

नमस्कार.

‘बेटांचा अर्थतज्ज्ञ हवा’ अशी जाहिरात निघत नाही. जागा निघतात त्या संशोधन सहायकाच्या, अर्थशास्त्रज्ञाच्या. म्हणून एम.ए. साध्या अर्थशास्त्रातच करू द्या. बेटं प्रबंधाला ठेवावीत.

विषय मात्र तिनं झकास निवडलाय. उसाच्या पट्ट्यातल्या मुलीला मॉरिशस लवकर कळेल. 1961 मध्ये ब्रिटिश अर्थतज्ज्ञ जेम्स मीड यांना तिथं फारशी आशा दिसली नव्हती: पीक एकच, ऊस, आणि माणसं वाढतायत. 1970 मध्ये निर्यात प्रक्रिया क्षेत्राचा, म्हणजे निर्यातीसाठी माल बनवणाऱ्या कारखान्यांना सवलती देणारा, कायदा आला. 1975 पासून युरोपात साखरेला हमीभाव मिळू लागला आणि साखरेतला पैसा तयार कपड्यांच्या कारखान्यांत, हॉटेलांत वळला. 2006 पासून युरोपनं तो भाव टप्प्याटप्प्यानं 36 टक्क्यांनी उतरवला, तोवर देश एकट्या उसावर राहिला नव्हता. पॅसिफिकमधल्या नाउरू बेटालाही फॉस्फेटचा (खतासाठीच्या खनिजाचा) भरपूर पैसा मिळाला. तो उधळपट्टीत आणि फसलेल्या गुंतवणुकींत गेला. हा फरक का पडला, हे आकड्यांनिशी मांडता आलं की तिला मागणी आहे.

आकड्यांपाशीच घोडं अडतं. आयआयटींच्या ‘जॅम’ या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेत अर्थशास्त्राच्या पेपरला कलनशास्त्र (कॅल्क्युलस), मॅट्रिक्स, संभाव्यता येतातच. पीयूसीची दोन्ही वर्षांची गणिताची पुस्तकं आणावीत, रोज दीड तास, सहा महिने. क्लासची घाई नको. आधी अवकलन आणि मॅट्रिक्स स्वतः सोडवून बघू दे.

सोबत एक काम आत्ताच सुरू करावं. जागतिक बँकेच्या संकेतस्थळावरून मॉरिशस, मालदीव, किरिबातीची 1980 पासूनची आकडेवारी फुकट उतरवून एक्सेलमध्ये तक्ता करावा. नवखे इथं दोनदा हमखास फसतात. एक, चालू (त्या-त्या वर्षीच्या) किमतींचे आकडे घेतात, मग महागाईच वाढ म्हणून दिसते. स्थिर (एकाच ठरावीक वर्षाच्या) किमतींचे घ्यावेत. दुसरं, फक्त जीडीपी बघतात. किरिबातीच्या समुद्रात मासे धरायला परदेशी बोटी परवाना शुल्क भरतात, ते राष्ट्रीय उत्पन्नात धरलं जातं, जीडीपीत नाही. हा तक्ता नीट जमला तर मुलाखतीत दाखवायला हातात काहीतरी असेल.

एम.ए.नंतर यूपीएससीची भारतीय आर्थिक सेवा आहे (वय 21 ते 30, जागा मोजक्या), दिल्लीत आरआयएससारख्या संशोधन संस्था आहेत. एम.ए.ला बाहेर प्रवेश हुकला तर कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ जवळ आहे, वर्ष वाया घालवू नका. सीमाभागासाठी तिथं काही सवलत आहे का, ते अर्ज भरण्याआधीच विचारा. रहिवासी दाखला नाडकचेरीतून (कर्नाटकातल्या महसूल कार्यालयातून) आताच काढा. तो कन्नडमध्ये मिळाला तर भाषांतर करून नोटरी करून ठेवा. प्रवेशाच्या आठवड्यात ही धावपळ झेपत नाही.