शेंगा बाधल्या तर काय बघायचं

खानावळीत नवीन आहेस, म्हणून सांगतो. आपल्या सोलापुरात चटणीतल्या शेंगा, म्हणजे शेंगदाणे, दिसतात, पण आमटीतलं, भरल्या वांग्यातलं कूट दिसत नाही. गिऱ्हाईक ‘शेंगा चालत नाहीत’ म्हणालं, की पळीसुद्धा वेगळी घे.

शेंगांच्या ॲलर्जीचा त्रास बहुधा काही मिनिटांत, फार तर दोनेक तासांत दिसतो. नुसती खाज, अंगावर चार गांधी उठल्या असतील तर नजर ठेव. आवाज घोगरा झाला, जीभ सुजली, दम लागला, चक्कर आली किंवा गांधींसोबत उलट्या सुरू झाल्या, की लगेच 108 ला, रुग्णवाहिकेला, फोन कर. आडवं झोपवून पाय उंच कर. दम लागत असेल तर बसू दे. चालवत मात्र नेऊ नकोस, रक्तदाब एकदम पडतो. खाजेची गोळी घशाची सूज थांबवत नाही, ते काम मांडीत दिलेल्या ॲड्रेनॅलिनच्या इंजेक्शनचं. बरं वाटलं तरी काही तास दवाखान्यातच थांबायला सांग. त्रास पुन्हा उलटू शकतो.