सत्ता गमावलेल्या पक्षाने नवा नेता निवडण्याची घाई करावी का?

आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत. सत्ता गमावलेल्या पक्षाने नवा नेता लगेच निवडावा की काही महिने थांबावे, ही पहिली. आणि पराभवानंतर निवडला गेलेला पहिला नेता पुढे पंतप्रधान झाल्याचे फारसे दिसत नाही, ते का, ही दुसरी. या दोन्हींचे उत्तर माझ्या मते एकाच ठिकाणी सापडते. निवड किती लवकर झाली यापेक्षा ती करायला पक्षात मागे कोण उरले होते, हे आधी पाहावे.

ब्रिटनच्या हुजूर (कॉन्झर्व्हेटिव्ह) पक्षाचे 1997 सालचे उदाहरण यासाठी सर्वांत उपयोगी आहे. 1992 मध्ये 336 खासदार निवडून आणणारा हा पक्ष 1 मे 1997 रोजी 165 वर आला. स्कॉटलंड आणि वेल्स या दोन्ही प्रदेशांत त्याचा एकही खासदार उरला नाही. पुढचा नेता म्हणून ज्यांच्याकडे पाहिले जात होते ते मायकेल पोर्टिलो स्वतःच्या मतदारसंघातच पराभूत झाल्यामुळे स्पर्धेत उतरूच शकले नाहीत. मावळते पंतप्रधान आणि पक्षनेते जॉन मेजर यांनी लगेच पक्षनेतेपद सोडण्याचे जाहीर केले आणि दोन महिन्यांच्या आत, 19 जूनला, नेतेपदाच्या लढतीत विल्यम हेग यांनी केनेथ क्लार्क यांचा 92 विरुद्ध 70 मतांनी पराभव केला. तेव्हाच्या नियमानुसार मत फक्त खासदारांना होते. म्हणजे ज्या मतदारसंघांनी पक्षाकडे पाठ फिरवली होती, तिथल्या लोकांचे म्हणणे ज्यांनी दारोदार फिरताना ऐकले होते, ते उमेदवार हरून घरी गेले होते. आणि पक्षाचे नेमके काय चुकले हे ठरवण्याचे काम प्रामुख्याने सुरक्षित मतदारसंघांतून निवडून आलेल्यांकडे राहिले होते. मोठ्या पराभवात काठावरचे मतदारसंघ आधी जातात आणि बालेकिल्ले टिकतात, हे सगळ्यांना ठाऊक असते. परंतु त्यामुळे नेता निवडणारा मतदारवर्गच बदलतो, याकडे पराभवाच्या धामधुमीत फारसे कोणी लक्ष देत नाही. सत्तेवर असताना जो पक्ष होता आणि पराभवानंतर जो नेता निवडायला बसतो, ते नावाने एक असले तरी घडणीने वेगळे असतात.

हेग यांनी यावर उपाय म्हणून 1998 मध्ये नियम बदलले. खासदारांनी उमेदवारांची संख्या दोनवर आणावी आणि त्या दोघांतून सामान्य पक्षसदस्यांनी नेता निवडावा, अशी पद्धत आली. हेतू चांगलाच होता. तथापि 2001 मध्ये पक्ष पुन्हा हरला, त्याला 166 जागा मिळाल्या, म्हणजे चार वर्षांच्या खटाटोपानंतर फक्त एक अधिक, आणि हेग यांनी पद सोडले. खासदारांच्या अखेरच्या फेरीत क्लार्क यांना 59, इयन डंकन स्मिथ यांना 54 आणि तोवर पोटनिवडणुकीतून संसदेत परतलेल्या पोर्टिलो यांना 53 मते मिळाली. एका मताने पोर्टिलो बाद झाले. सदस्यांपुढे एका बाजूला युरोपशी जवळीक हवी असणारे आणि पक्षाबाहेर अधिक लोकप्रिय असणारे क्लार्क होते, तर दुसऱ्या बाजूला युरोपीय संघाची स्थापना करणाऱ्या मास्ट्रिक्ट कराराला विरोध करून नाव मिळवलेले डंकन स्मिथ. सदस्यांनी सुमारे 61 टक्के मतांनी डंकन स्मिथ यांना निवडले. युरोपच्या प्रश्नावर पक्ष आतून दुभंगलेला होता आणि सदस्यांनी त्या भांडणाचा निकाल लावला. देशातील मतदाराने मात्र हा प्रश्न त्यांना विचारलेलाच नव्हता. 29 ऑक्टोबर 2003 रोजी खासदारांनीच 90 विरुद्ध 75 मतांनी डंकन स्मिथ यांच्यावर अविश्वास दाखवला आणि एकही सार्वत्रिक निवडणूक न लढवता ते पायउतार झाले.

म्हणूनच खासदारांऐवजी सदस्यांनी निवड केली की नेता आपोआप जनतेच्या अधिक जवळचा मिळतो, हा समज मला पटत नाही. पडत्या काळात सदस्यत्व टिकवून ठेवणारा माणूस हा पक्षाचा सर्वांत निष्ठावंत माणूस असतो, आणि निष्ठावंताला पराभवाचे कारण बहुधा असे वाटते की नेतृत्वाने मूळ विचाराशी तडजोड केली. त्याचे हे निदान कधी बरोबरही असते. पण ज्याने गेल्या वेळी मत दिले आणि या वेळी दिले नाही, तो मतदार या सभागृहात बसलेलाच नसतो.

याला जोडून आणखी एक अडचण उद्भवते. दोन टप्प्यांच्या पद्धतीत असा नेता निवडून येऊ शकतो की ज्याला बहुसंख्य खासदारांची पसंती कधीच नव्हती. डंकन स्मिथ यांना 166 पैकी 54 खासदारांनी पसंत केले होते. 2024 मध्ये हुजूर पक्षाचे 121 खासदार उरले, तेव्हा अखेरच्या फेरीत केमी बेडनॉक यांना 42, रॉबर्ट जेनरिक यांना 41 आणि आधीच्या फेरीत आघाडीवर असलेल्या जेम्स क्लेव्हरली यांना 37 मते पडली. नंतर सदस्यांनी बेडनॉक यांना निवडले. ब्रिटनच्याच मजूर (लेबर) पक्षाने 2015 मध्ये याचा कळस पाहिला. जेरेमी कॉर्बिन यांना उमेदवारीसाठी आवश्यक असलेली 35 खासदारांची शिफारस जेमतेम मिळाली, तीही काही खासदारांनी ‘चर्चा व्यापक व्हावी’ म्हणून औदार्याने दिली म्हणून. आणि पुढे सदस्य व नोंदणीकृत समर्थकांनी त्यांना 59.5 टक्के मतांनी निवडून दिले. पुढच्याच वर्षी खासदारांनी 172 विरुद्ध 40 असा अविश्वास व्यक्त केला, तरी सदस्यांनी त्यांना पुन्हा निवडले. संसदीय पद्धतीत विरोधी पक्षनेत्याला रोजचे काम खासदारांकडूनच करून घ्यायचे असते. ज्यांनी आपल्याला नको म्हटले त्यांच्यातूनच छाया मंत्रिमंडळ, म्हणजे सरकारच्या खात्यांवर लक्ष ठेवणारी विरोधकांची फळी, उभे करणे किती जिकिरीचे असते, हे सांगायला नको.

आता घाईच्या प्रश्नाकडे येतो. थांबण्याचा लाभ काय, हे 2005 मध्ये दिसले. निवडणूक हरल्यावर हुजूर पक्षात डंकन स्मिथ यांच्यानंतर नेते झालेले मायकेल हॉवर्ड यांनी पद सोडण्याचे जाहीर केले, परंतु ते डिसेंबरपर्यंत पदावर राहिले. या काळात त्यांनी तरुण सहकाऱ्यांना छाया मंत्रिमंडळात महत्त्वाची खाती देऊन पुढे आणले. अंतिम मताचा अधिकार सदस्यांकडून काढून पुन्हा खासदारांना देण्याचा प्रयत्नही केला, तो मात्र फसला. ऑक्टोबरमध्ये ब्लॅकपूलच्या अधिवेशनात उमेदवारांची भाषणे झाली आणि आधी आघाडीवर मानले गेलेले डेव्हिड डेव्हिस तिथे फिके पडले, तर जेमतेम चार वर्षे खासदार असलेल्या डेव्हिड कॅमेरून यांनी हातात कागद न घेता बोलून बाजी मारली. त्यांना सदस्यांची सुमारे दोन तृतीयांश मते मिळाली. हीच निवडणूक मे किंवा जूनमध्ये झाली असती, तर कॅमेरून निवडून आले असते असे मला वाटत नाही. तीन सलग पराभवांनंतर सदस्यही सत्तेसाठी आसुसले होते, हे तितकेच खरे. पण उमेदवार पारखून घ्यायला त्यांना वेळ मिळाला होता.

थांबण्याची किंमत किती असते, हे मजूर पक्षाने 2010 मध्ये अनुभवले. निवडणूक हरलेले पंतप्रधान गॉर्डन ब्राऊन यांनी 11 मे रोजी पद सोडले, हॅरिएट हार्मन यांनी हंगामी नेतृत्व सांभाळले आणि नव्या नेत्याचा निकाल 25 सप्टेंबरला लागला. मिलिबँड बंधूंमधील त्या लढतीत खासदार आणि सदस्य या दोन्ही गटांत थोरले डेव्हिड पुढे होते, परंतु संलग्न कामगार संघटनांच्या मतांच्या जोरावर धाकटे एड सव्वा टक्क्याच्या फरकाने जिंकले, आणि ‘संघटनांचा नेता’ हा शिक्का विरोधकांना आयता मिळाला. माझ्या दृष्टीने त्याहून मोठे नुकसान उन्हाळ्यात झाले होते. नव्या आघाडी सरकारने 22 जूनला तातडीचा अर्थसंकल्प मांडला आणि तुटीचे सारे खापर मागच्या सरकारच्या उधळपट्टीवर फोडले. त्याला ठासून उत्तर देण्याचा अधिकार असलेला माणूसच मजूर पक्षाकडे नव्हता. उमेदवार आपापल्या सदस्यांशी बोलण्यात गुंतले होते. सत्तांतरानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत मागच्या कारकिर्दीचा इतिहास नवे सरकार लिहीत असते, आणि तो एकदा लोकांच्या मनात बसला की पुढे खोडणे फार कठीण जाते.

तेव्हा थांबावे, पण हंगामी नेता असा असावा की त्याला स्वतःला पद नको असेल आणि तरीही तो सरकारशी दोन हात करू शकेल. कॅनडाच्या लिबरल पक्षाने 2011 मध्ये अवघ्या 34 जागांवर आल्यानंतर हे केले. हंगामी नेत्याने कायमच्या पदासाठी उभे राहायचे नाही, अशी अट घालून बॉब रे यांच्याकडे सूत्रे दिली. मतदानाचा हक्क केवळ सदस्यांपुरता न ठेवता नोंदणी करणाऱ्या समर्थकांनाही दिला, आणि एप्रिल 2013 मध्ये जस्टिन ट्रूडो यांची निवड झाली. अडीच वर्षांनंतर त्यांना स्पष्ट बहुमत मिळाले. निवडणाऱ्यांचे वर्तुळ रुंद करणे हा यातला भाग मला अधिक मोलाचा वाटतो. पण समर्थकांची नोंदणी कॉर्बिन यांच्या वेळीही खुली होती, त्यामुळे हा हमखास उपाय आहे असे मी म्हणणार नाही.

थांबणे आणि निर्णय लांबणीवर टाकणे यांत मात्र फरक केला पाहिजे. आपल्याकडे काँग्रेसमध्ये 2019 च्या पराभवानंतर राहुल गांधी यांनी अध्यक्षपद सोडले, त्या ऑगस्टमध्ये सोनिया गांधी हंगामी अध्यक्ष झाल्या, आणि मल्लिकार्जुन खर्गे यांनी शशी थरूर यांचा 7,897 विरुद्ध 1,072 मतांनी पराभव केला तोपर्यंत ऑक्टोबर 2022 उजाडला होता. मधल्या तीन वर्षांत कोणताही पर्याय उघडपणे पारखला जात नव्हता. अशा थांबण्याचा लाभ काहीच मिळत नाही आणि किंमत मात्र पूर्ण मोजावी लागते.

आपल्या दुसऱ्या प्रश्नातील निरीक्षण बरेचसे खरे आहे. 1997 नंतर हुजूर पक्षाला कॅमेरून, म्हणजे चौथा नेता, सत्तेपर्यंत घेऊन गेला. 1979 नंतर मजूर पक्षाने पराभूत पंतप्रधान जेम्स कॅलाहन यांच्यानंतर ओळीने मायकेल फूट, नील किनॉक आणि जॉन स्मिथ यांना निवडले आणि सत्ता आली ती त्यांच्यामागून आलेल्या टोनी ब्लेअर यांच्या काळात. पहिला नेता पक्षांतर्गत वाद मिटवण्यासाठी निवडला जातो आणि त्या वादातच खर्ची पडतो. परंतु याला दोन ठळक अपवाद आहेत. हुजूर पक्षाच्या 1974 मधील दोन पराभवांनंतर फेब्रुवारी 1975 मध्ये निवडल्या गेलेल्या मार्गारेट थॅचर 1979 मध्ये थेट पंतप्रधान झाल्या, आणि जर्मनीत 2021 च्या पराभवानंतर ख्रिश्चन डेमोक्रॅट पक्षाच्या सदस्यांनी 62 टक्के मतांनी अध्यक्ष केलेले, त्याआधी याच पदासाठी दोनदा हरलेले फ्रिडरिश मेर्झ मे 2025 मध्ये चॅन्सेलर, म्हणजे तिथले सरकारप्रमुख, झाले. या दोघांच्या वेळी समोरचे सरकार मुदतीआधी कोसळले होते. कॅलाहन यांचे सरकार 28 मार्च 1979 रोजी 311 विरुद्ध 310 अशा एका मताने पडले, आणि जर्मनीतील तीन पक्षांची आघाडी नोव्हेंबर 2024 मध्ये आपसातील भांडणाने फुटली. मेर्झ यांच्या पक्षाला आणि त्याच्या बव्हेरियन भगिनी पक्षाला मिळून त्यानंतर जी 28.5 टक्के मते मिळाली, ती त्यांच्या युद्धोत्तर इतिहासातील दुसरी सर्वांत कमी होती. तरीही ती पुरली, कारण सत्तेवर असलेल्या तिन्ही पक्षांपैकी प्रत्येकाची मते त्याहूनही खाली घसरली होती.