पोळ्याचा ताप, दसऱ्याचा रिपोर्ट

"ताई, माह्यातच खोट हाये का जी?"

यवतमाळकडचा तिशीतला कास्तकार. खिशातून घडी घातलेला रिपोर्ट काढून त्यानं टेबलावर ठेवला. लग्नाला तीन वर्षं झाली, मूल नाही. बायको बाहेर बाकावर बसलेली. एवढ्या काळात सगळ्या तपासण्या तिच्याच झाल्या, याची पहिलीच. असं दिसलं की मला अजूनही वाईट वाटतं.

रिपोर्टात मिलिलिटरला 40 लाख शुक्रजंतू होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या पुस्तिकेत खालची मर्यादा 1 कोटी 60 लाख आहे. त्याला वाटत होतं, पोरवयातल्या हस्तमैथुनानं सगळं सांडून गेलं. तसं काही सांडून संपत नाही. वयात आल्यापासून म्हातारपणापर्यंत वृषणात रोज कोट्यवधी शुक्रजंतू तयार होतात.

मी विचारलं, "मागच्या दोन-तीन महिन्यांत आजारी होतास का?"

"पोळा झाला अन् डेंग्यू झाला. पाच दिवस 103 ताप."

तपासणी दसऱ्याची. मग कागदावर चित्र काढून समजावलं. वृषणातल्या बारीक नळ्यांमध्ये मूळ पेशी विभागते, तिची 46 गुणसूत्रं 23 वर येतात, गोल पेशीला शेपूट फुटतं. याला साधारण 64 ते 74 दिवस लागतात. तरीही तो शुक्रजंतू कच्चाच असतो. वृषणामागे वेटोळं घालून बसलेली सुमारे 6 मीटर लांब नळी असते. तिच्यातून सरकताना, आणखी काही दिवसांत, तो पोहायला शिकतो. हे सगळं काम अंगापेक्षा 2 ते 4 अंश सेल्सिअस थंड जागेत चालतं, म्हणून तर वृषणं पोटाबाहेर असतात. 103 तापात अर्ध्यावर आलेली खेपच बिघडते.

तो चित्राकडे बघत राहिला. "म्हंजे पऱ्हाटी आज पाहाची, पण पाणी कवा पडलं ते इचाराचं."

अगदी तसंच. कपाशी आजची, पाऊस आधीचा. डॉक्टरांशी बोलून ठरलं: तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी, आधी 2 ते 7 दिवस संबंध किंवा हस्तमैथुन नाही. कुणीतरी दिलेल्या ताकदीच्या पुड्या बंद. खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण, तोही सोडायचा. त्यावर तो गप्प झाला.

संक्रांतीनंतरच्या रिपोर्टात 2 कोटी 20 लाख, हालचालही सुधारलेली. खर्रा दिवसाला चारवरून एकावर आलेला. मूल अजून राहिलं नव्हतं. यावेळी बायकोही आत आली. महिन्यातले नेमके दिवस कोणते, असं तिनं विचारलं. मी भिंतीवरचं कॅलेंडर काढलं आणि तिच्या मागच्या सहा पाळ्यांच्या तारखा लिहायला घेतल्या.