दुसरा सबवूफर घ्यावा, पण मुदत ठेव मोडून नव्हे

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र दोनदा वाचले. जुळे सोलापुरातील रो-हाउसच्या १६ बाय १२ फुटांच्या हॉलमध्ये तुम्ही तीन वर्षांपूर्वी होम थिएटर बसवले. त्यात सबवूफर, म्हणजे फक्त बेस (खालच्या पट्टीतला आवाज) काढणारा स्पीकर, एकच असून तो टीव्हीच्या डाव्या कोपऱ्यात आहे. सोफ्याच्या मधोमध तुम्ही बसता तिथे बेस पोकळ वाटतो, तर कडेला बसणाऱ्या मुलीला तोच आवाज घुमून नकोसा होतो. म्हणून त्याच मॉडेलचा दुसरा सबवूफर घ्यावा असे तुमच्या मनात आहे. केबल धरून खर्च ४६,००० रुपये येईल आणि त्यासाठी १,५०,००० रुपयांच्या मुदत ठेवीतून रक्कम काढावी की क्रेडिट कार्डावर बारा महिन्यांचा ‘नो कॉस्ट ईएमआय’ घ्यावा, असा तुमचा प्रश्न आहे. माझे मत आधीच सांगतो. वस्तू तुम्ही योग्य निवडली आहे, परंतु पैसे उभे करण्याचे हे दोन्ही मार्ग मला पटत नाहीत.

वस्तू योग्य का, हे आधी पाहू, कारण ज्या खर्चातून मूळ तक्रार दूर होत नाही तो स्वस्तात झाला तरी वायाच जातो. दुसरा सबवूफर म्हणजे दुप्पट दणका, अशी अनेकांची समजूत असते. त्याचा खरा उपयोग वेगळा आहे. खोलीच्या समोरासमोरच्या भिंतींमध्ये खालच्या पट्टीतला आवाज पुढे-मागे आपटत राहतो आणि ठरावीक कंपनसंख्येला काही जागी तो साचतो, तर काही जागी जवळजवळ नाहीसा होतो. तुमच्या हॉलची बारा फुटांची रुंदी धरली, तर ही पहिली कंपनसंख्या सुमारे ४७ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ४७ कंपने, येते. तिथे आवाज दोन्ही बाजूंच्या भिंतींजवळ फुगतो आणि बरोबर मध्यभागी, म्हणजे तुमच्या जागेवर, खड्डा पडतो. मुलगी कडेला बसते, त्यामुळे तिला तेवढाच भाग जास्त ऐकू येतो. तुमची तक्रार आणि हे गणित एकमेकांशी तंतोतंत जुळते.

डाव्या आणि उजव्या कोपऱ्यांत सारखेच दोन सबवूफर ठेवले आणि दोन्हींमधले आवाज काढणारे पडदे एकाच वेळी पुढे-मागे होत असले, तर रुंदीच्या दिशेचा हा घुमारा दोन बाजूंनी उलटसुलट ढकलला जातो आणि बराचसा शमतो. शिवाय मधली जागा दोन्हींपासून सारख्याच अंतरावर असल्याने तिथे दोघांचा आवाज एकमेकांत नीट मिसळतो. ध्वनितज्ज्ञ टॉड वेल्टी यांनी हार्मन या ध्वनियंत्रे बनवणाऱ्या कंपनीत असताना नेमके किती सबवूफर पुरेसे, या प्रश्नावर २००२ मध्ये शोधनिबंध मांडला होता. आयताकृती खोलीत योग्य जागी ठेवलेले दोन सबवूफर एकापेक्षा बरेच अधिक समान ऐकू येतात, हे त्या कामातून पुढे आले. सोफ्यावर चौघे बसणाऱ्या घरासाठी ही समानताच मोलाची. तुम्ही एकटेच ऐकत असता, तर मी हा खर्च करू नका असेच म्हटले असते.

दुकानदाराने जुना सबवूफर १५,००० रुपयांना परत घेऊन ८२,००० रुपयांचा एक मोठा देण्याचे सुचवले आहे, ते मात्र स्वीकारू नका. मोठा असला तरी तो एकाच कोपऱ्यातून बोलणार आणि मधला खड्डा तसाच राहणार. त्यासाठी वरचे ६७,००० रुपये देण्यात काही अर्थ नाही.

पैशांकडे वळण्यापूर्वी एक-दोन गोष्टी फुकटात करून पाहा. तुमचा सोफा मागच्या भिंतीला टेकलेला आहे, आणि लांबीच्या दिशेचा घुमारा भिंतीलगतच सर्वांत जास्त असतो. सोफा दोन-अडीच फूट पुढे ओढून आठवडाभर ऐका. नंतर एखाद्या रविवारी दुपारी सबवूफर चक्क सोफ्यावर, तुमच्या बसण्याच्या जागी ठेवा, एकसारखा बेस असलेले गाणे लावा आणि गुडघ्यांवर रांगत, कान जमिनीपासून हातभर उंचीवर ठेवून भिंतीकडेने फिरा. जिथे बेस एकसारखा आणि स्पष्ट ऐकू येईल, ती सबवूफरची चांगली जागा. भिंतीवर चादरी लावण्याचा तुमचा विचार मीही माझ्या घरी करून पाहिला आहे. आपल्या जाड सोलापुरी चादरी दोन पदरी करून मी सोफ्यामागे टांगल्या. टाळी वाजवल्यावर येणारा झणझणीत प्रतिध्वनी लगेच मऊ झाला, पण बेसमध्ये काडीचाही फरक पडला नाही. ४० हर्ट्झच्या लहरीची लांबी साडेआठ मीटरच्या आसपास असते. दोन बोटांच्या कापडाने ती अडणार कशी?

आता ठेवीविषयी. घराच्या हप्त्यासह तुमचा महिन्याचा खर्च ५७,००० रुपये आहे, म्हणजे दीड लाखाची ठेव आज अडीच महिने आणि वर काही दिवस पुरते. त्यातून ४६,००० काढले तर १,०४,००० उरतात आणि ते दोन महिनेही पुरत नाहीत. तुम्ही अक्कलकोट रोडवरील एमआयडीसीत टॉवेल निर्यात करणाऱ्या कारखान्यात हिशेब पाहता. परदेशी मागणी मंदावली की पाळ्या कमी होतात, पगार पुढे ढकलले जातात, हे तुम्ही माझ्यापेक्षा जवळून पाहता. अशा नोकरीत चार महिन्यांचा खर्च, म्हणजे २,२८,००० रुपये, बाजूला असावेत असे मी मानतो. मुदतीआधी ठेव मोडल्याबद्दल बँक जे अर्धा-एक टक्का व्याज कापते त्याची मला फारशी चिंता नाही. ठेव एकदा मोडली की ती पुन्हा भरण्याचा मुहूर्त लागत नाही, ही माझी खरी चिंता आहे.

‘नो कॉस्ट’ हप्त्यातही पूर्ण शून्य खर्च नसतो. बँक व्याज लावते, तेवढीच सूट विक्रेता आधी देतो, आणि त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी मात्र आपल्या खिशातून जातो. सबवूफरची ४४,००० ही किंमत आणि १५ टक्के व्याजदर धरला, तर बारा महिन्यांत साधारण ३,४०० रुपये व्याज आणि त्यावर ६०० रुपये कर होतो. प्रक्रिया शुल्क वेगळे, आणि रोखीवर मिळणारी २,००० रुपयांची सूटही जाते. कर, शुल्क आणि हुकलेली सूट मिळून तीन हजारांच्या आसपासचा हा फरक मोठा नाही, पण मुलगी पुढच्या जूनमध्ये अकरावीला जाणार आहे. ऐन प्रवेशाच्या महिन्यात ३,६६७ रुपयांचा हप्ता मानेवर असणे मला नको वाटते, कारण हप्ता आपल्या सोयीने थांबवता येत नाही.

तुमच्या पत्राच्या शेवटी एक ओळ आहे, जी तुम्ही ओझरती लिहिली असली तरी मला सर्वांत महत्त्वाची वाटली. वहिनी घरी शिलाईचे काम करतात आणि पिको-फॉलचे २२,००० रुपयांचे मशीन घेणे दोन वर्षांपासून लांबणीवर टाकत आहेत. ते आले तर महिन्याला अडीच हजारांचे काम वाढेल, असा त्यांचा अंदाज आहे. या दोन खरेदींचा क्रम लावून मी हिशेब केला. तुमच्याकडे दरमहा ८,००० रुपये शिल्लक राहतात. मशीन बाजूला ठेवून त्यातले चार हजार सबवूफरसाठी आणि चार हजार ठेवीत टाकले, तर सबवूफर बाराव्या महिन्यात येतो. उलट, पहिल्या तीन महिन्यांची शिल्लक मशीनसाठी वापरली, तर चौथ्या महिन्यापासून आठ हजारांपैकी पाच हजार आवर्ती ठेवीत सबवूफरसाठी जातील, आणि उरलेले तीन हजार व वहिनींच्या कामाचे अडीच हजार संकटकाळच्या ठेवीत जातील. नऊ हप्त्यांचे ४५,०००, मशीन घेऊन उरलेले २,००० आणि वर थोडे व्याज असा हिशेब जुळून सबवूफर याही मार्गाने बाराव्या महिन्यातच येतो. दिवाळीचा २५,००० रुपयांचा बोनस ठेवीत टाकला, तर तीही तोवर सव्वादोन लाखांच्या घरात जाते. मशीन आधी घेतल्याने तुमचा एक दिवसही वाया जात नाही. काम अंदाजाच्या निम्मेच वाढले, तरी ठेव या आकड्याला पोहोचायला दोन महिन्यांपेक्षा जास्त उशीर होऊ नये. मात्र अडीच हजारांची ती कमाई वहिनींची आहे. ती ठेवीत टाकायची की नाही हे त्यांना विचारूनच ठरवा.

या वर्षभरात दोन गोष्टी पाहून ठेवा. तुमच्या रिसीव्हरच्या (सगळे स्पीकर चालवणाऱ्या यंत्राच्या) मागे सबवूफरची केबल जोडण्याची एक जागा आहे की दोन, हे तपासा. एकच असेल तर दोन फाट्यांची साधी केबल चालते. त्याच मॉडेलचा सबवूफर तेव्हा बाजारात नसेल तर भिन्न क्षमतेचा घाईने घेऊ नका, कारण जोडी सारखी असली तरच वर सांगितलेला हिशेब लागू पडतो. तुमची उजवी भिंत शेजाऱ्यांशी सामाईक आहे आणि दुसरा सबवूफर नेमका तिथेच येणार आहे. ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत मर्यादा ४५ डेसिबल आहे, आणि बेस विटांच्या भिंतीतूनही सहज पार होतो. शेजारच्या आजोबांशी खरेदीपूर्वीच बोला, आणि शक्य झाल्यास एखाद्या मित्राचा सबवूफर दोन दिवसांसाठी उसना आणून, त्यांच्या खोलीत स्वतः बसून ऐका.