भाड्याच्या घरातल्या सामानाचा विमा घ्या, पण पॅकेज नको

ताई, तुमचं म्हणणं थोडक्यात असं: पुण्यात सिंहगड रोडला नदीजवळ तळमजल्यावर टू बीएचके भाड्याने घेतलाय, अकरा महिन्यांचं अॅग्रीमेंट आहे. एजंट वर्षाला ६,८०० रुपयांचं होम पॅकेज घ्या म्हणून मागे लागलाय, त्यात सामान, दागिने, मोबाईल, लॅपटॉप सगळंच आहे. मिस्टर म्हणतात घरमालकाचा विमा आहेच की, आणि तुम्हाला वाटतंय तेच पैसे आरडीत टाकावेत.

आधी मालकाच्या विम्याचं बोलू. त्याची पॉलिसी त्याच्या भिंतींची आणि त्याच्या मालकीच्या वस्तूंची, सोसायटीची असली तर ती बिल्डिंगची. तुमचा फ्रिज वाहून गेला तर त्यातून तुम्हाला एक रुपया येणार नाही.

आता आरडी. वर्षाला ६,८०० म्हणजे पाच वर्षांत व्याज धरून चाळीसेक हजार होतील, म्हणजे फार तर एक फ्रिज नि मिक्सर, आणि पाणी पाच वर्षं थांबून येत नाही. २५ जुलै २०२४ ला खडकवासला धरणातून पाणी सोडलं तेव्हा सिंहगड रोडच्या एकतानगरीत घरांत पाणी शिरलं, तुम्ही त्याच भागात राहता तेव्हा ते मी सांगायला नको. तळमजल्यावर पाणी दारातून यायच्या आधी बाथरूमच्या जाळीतून वर येतं आणि दिवाणातल्या गाद्या, खालच्या कप्प्यातले कपडे, वॉशिंग मशीनची मोटर आणि फ्रिजचा कॉम्प्रेसर हे सगळं एकाच रात्री जातं, एकेक करून नाही, म्हणून तर बचतीतून भरून निघत नाही. चौथ्या मजल्यावर असतात तर मी एवढा आग्रह धरला नसता.

तेव्हा विमा घ्या, पण एजंटचं पॅकेज नको, फक्त सामानाचा घ्या. १ एप्रिल २०२१ पासून भारत गृह रक्षा नावाची एक ठरावीक पॉलिसी आहे, मजकूर सगळीकडे सारखाच, भाडेकरूला त्यात घर सोडून नुसतं सामान इन्शुअर करता येतं. आग, पूर, वादळ, भूकंप, दंगल, पाण्याची टाकी किंवा पाइप फुटणं हे सगळं मूळ कव्हरमध्येच येतं. सामानाची किंमत धरताना जुन्याची नाही, आज तीच वस्तू नवीन घ्यायला काय पडेल ती धरायची. एक-एक खोली फिरून लिहून काढा, कपडे आणि भांडी लोक हमखास विसरतात आणि त्यांचेच लाख-दीड लाख निघतात. तुम्ही दिलेल्या यादीवरून मला पाच-सहा लाख पुरेसे वाटतात, एजंटने लावलेले पंधरा नाही. गिझर आणि किचन ट्रॉल्या मालकाच्या, त्या यात धरू नका.

चोरीचं मात्र नीट वाचा, इथेच सगळ्यात जास्त लोक फसतात. मूळ पॉलिसीत चोरी आहे, पण ती पूर किंवा आगीसारख्या घटनेमुळे झालेली आणि घटनेपासून सात दिवसांच्या आतली. तुम्ही लग्नाला गावी गेलात आणि कोणी कुलूप तोडलं तर ती त्यात बसत नाही, त्यासाठी घरफोडीचं कव्हर वेगळं जोडावं लागतं. ते जोडा, आणि घर किती दिवस बंद राहिलं तर चालतं ते विचारून घ्या. रोख रक्कम धरत नाहीत. एसी आतल्या आत शॉर्ट होऊन जळला तर त्या एसीचे पैसे मिळत नाहीत, त्यातून आग पसरून बाकीचं जळलं तर त्या बाकीच्याचे मिळतात.

दागिन्यांसाठी एवढा प्रीमियम भरू नका. रोजचं मंगळसूत्र-बांगड्या सोडून बाकीचं बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा, आग, चोरी किंवा कर्मचाऱ्याने केलेली फसवणूक असेल तर बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभर पटीपर्यंत असते, पुरासाठी ती धरून चालू नका, म्हणून शक्यतो वरच्या भागातली शाखा बघा. मिस्टरांचा लॅपटॉप कंपनीचा आहे, तो कंपनी बघेल. मोबाईलचं कव्हर मला महाग वाटतं, तो खर्च खिशातून झेपतो.

दहा वर्षांची पॉलिसी स्वस्त पडते म्हणून एजंट सांगेल, तुमच्यासारख्या भाडेकरूंनी एकेका वर्षाचीच घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे. पॉलिसी पत्त्याला बांधलेली असते, घर बदललं की सामान टेम्पोत चढायच्या आधी कंपनीला कळवून नवा पत्ता लेखी करून घ्यायचा, नाहीतर हप्ता भरलेला असूनही क्लेम अडकेल.

एक गोष्ट मात्र याच्याही आधी. तुमच्या मेलमध्ये हेल्थ इन्शुरन्स फक्त मिस्टरांच्या कंपनीचा लिहिलाय. यावर्षी दोन्हीला पैसे पुरत नसतील तर आधी स्वतःचा फॅमिली फ्लोटर (सगळ्या कुटुंबाचा मिळून एकच हेल्थ इन्शुरन्स) घ्या, सामान पुन्हा उभं करता येतं. पण एजंटचं पॅकेज सोडून नुसतं सामान आणि घरफोडी एवढंच घेतलंत तर हप्ता त्या ६,८०० पेक्षा बराच खाली येईल, दोन-तीन कंपन्यांचे आकडे मागवा, मला वाटतं दोन्ही बसेल.

पावसाच्या आधी घ्या, नदीकाठी इशारा आल्यावर नाही. घेतल्या दिवशी प्रत्येक कपाट उघडून मोबाईलवर व्हिडिओ काढा, टीव्ही-फ्रिजच्या मागचा सिरियल नंबर दिसू दे, असतील ती बिलं त्याच्यासोबत ड्राइव्हवर टाका. आणि पाणी आलंच तर सर्व्हेअर (नुकसान मोजायला येणारा माणूस) बघून जाईपर्यंत भिजलेलं सामान भंगारवाल्याला देऊ नका, फोटो काढून एका कोपऱ्यात ठेवा. क्लेम विनाकारण नाकारला तर विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या विमा लोकपालाकडे जाता येतं, फी नाही आणि वकीलही लागत नाही.