ऐंशीच्या दशकातील ड्रमचा भव्य आवाज

प्रश्न : १९८०च्या दशकातील इंग्रजी रॉक गाण्यांत ड्रमचा आवाज एखाद्या प्रचंड दालनात वाजवल्यासारखा भव्य असतो, पण तो घुमत न राहता एकदम तुटतो. त्याआधीच्या गाण्यांत असे ऐकू येत नाही. हा आवाज कसा काढत असत? माझा मित्र त्याला कृत्रिम म्हणून नावे ठेवतो, ते योग्य आहे का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : या आवाजाचा उगम लंडनमधील टाउनहाउस स्टुडिओत आहे. १९७९-८०च्या सुमारास इंग्रज गायक पीटर गॅब्रिएल तेथे आपल्या तिसऱ्या अल्बमचे ध्वनिमुद्रण करत होते. निर्माते स्टीव्ह लिलीव्हाइट होते, ध्वनिमुद्रणाची बाजू ह्यू पॅडगम सांभाळत होते आणि ड्रमवर जेनेसिस बँडचे फिल कॉलिन्स होते. या अल्बममध्ये सिंबल, म्हणजे ड्रमसोबतच्या झांजा, अजिबात वाजवायच्या नाहीत, अशी गॅब्रिएल यांची अट होती.

वादकांचे बोलणे काचेपलीकडच्या ध्वनिमुद्रकाला ऐकू यावे, यासाठी वादनकक्षात छताला एक मायक्रोफोन टांगलेला असे. कोणी हळू बोलले काय किंवा मोठ्याने बोलले काय, दोन्ही सारखेच ऐकू यावे म्हणून त्याला जोरकस कॉम्प्रेसर जोडलेला होता. कॉलिन्स वाजवत असताना पॅडगम यांनी हा मायक्रोफोन सुरू केला, आणि दगडी भिंतींच्या त्या खोलीचा सगळा घुमारा कॉम्प्रेसरने वर उचललेल्या स्वरूपात बाहेर आला. तो मायक्रोफोन केवळ संभाषणासाठी असल्याने त्यावरून ध्वनिमुद्रण करण्याची सोय नव्हती. ती जोडणी मुद्दाम करून घेण्यात आली. त्यापुढे नॉइज गेट लावण्यात आले. आवाज ठरावीक पातळीखाली गेला की हे उपकरण वाट बंद करते, त्यामुळे घुमारा विरत जाण्याऐवजी मध्येच कापला जातो. गॅब्रिएल यांना हा आवाज इतका आवडला की त्याच्याच पायावर ‘इंट्रूडर’ हे अल्बममधील पहिले गाणे उभे राहिले. पुढे या तंत्राला ‘गेटेड रिव्हर्ब’ हे नाव रूढ झाले.

घुमारा कापण्याने नेमके काय साधते, हे समजून घेण्यासारखे आहे. देवळाच्या रिकाम्या सभामंडपात टाळी वाजवली तर ती भव्य वाटते, परंतु भराभर टाळ्या वाजवल्या तर एकीचा नाद दुसरीवर चढून सगळा गलबला होतो. शेपूट कापल्यावर भव्यता तेवढी उरते आणि दोन ठोक्यांमधील जागा गायकासाठी व गिटारसाठी मोकळी राहते. १९७०च्या दशकात अनेक स्टुडिओंत याच्या उलट रीत होती : ड्रमवर कापड किंवा चिकटपट्टी लावून आणि खोलीला आवाज शोषणारी आच्छादने घालून ठोका कोरडा ठेवला जाई. अपवाद अर्थातच होते. लेड झेपेलिन बँडने १९७१ साली ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’ या गाण्यासाठी जुन्या घराच्या जिन्याखाली ड्रम मांडून वरच्या मजल्यांवरून मायक्रोफोन सोडले होते. त्या गाण्यात घुमारा आहे, पण तो कापलेला नाही.

आपण कॉलिन्स यांचे ‘इन दि एअर टुनाइट’ (१९८१) हे गाणे हेडफोन लावून अवश्य ऐकावे, आणि तेही अल्बममधील रूपात, कारण एकल तबकडीसाठी त्यात ड्रमची जास्तीची भर घातली गेली होती. अल्बममध्ये साडेतीन मिनिटांहून अधिक काळ ठेक्यासाठी केवळ तालयंत्राची बारीक टिकटिक चालते आणि मग ड्रम कोसळतात. प्रत्येक ठोक्यानंतर येणाऱ्या शांततेकडे लक्ष द्यावे.

मित्राच्या आक्षेपाशी मी अर्धाच सहमत आहे. मूळ आवाजात खरी खोली आहे, खरा वादक आहे आणि सिंबल वर्ज्य केल्यामुळे आलेली शिस्त आहे; त्याला कृत्रिम म्हणणे अन्यायाचे ठरेल. मात्र काही वर्षांतच हाच परिणाम बटण दाबताच देणारी डिजिटल उपकरणे आली, आणि गाण्याला गरज असो वा नसो, तो सर्रास वापरला जाऊ लागला. दशकाच्या उत्तरार्धातील कित्येक हळुवार गाणी त्याच्या ओझ्याखाली दबली आहेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : डेफ लेपर्ड बँडचे ड्रमवादक एका हाताने वाजवतात, हे खरे आहे का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : होय. ३१ डिसेंबर १९८४ रोजी इंग्लंडमधील शेफिल्डजवळ झालेल्या मोटार अपघातात रिक ॲलन यांनी डावा हात गमावला. बँडने त्यांच्या जागी दुसरा वादक घेतला नाही. डाव्या हाताचे ठोके डाव्या पायाने देता यावेत, अशा पेडलांचा इलेक्ट्रॉनिक ड्रमसंच त्यांच्यासाठी तयार करण्यात आला, आणि ऑगस्ट १९८६मध्ये डॉनिंग्टनच्या मोठ्या महोत्सवात ते बँडसोबत वाजवताना दिसले. १९८७च्या ‘हिस्टेरिया’ अल्बममधील ड्रम मोठ्या प्रमाणावर संगणकीय यंत्रावर रचलेले आहेत, त्यामुळे ॲलन यांचे कौशल्य जोखायचे असेल तर त्यांच्या प्रत्यक्ष कार्यक्रमांची चित्रमुद्रणे पाहावीत आणि त्यांच्या पायांकडे लक्ष ठेवावे.