१४ महिन्यांच्या बाळाला जुलाब होत असताना ओआरएस कसं द्यावं?

बाळाला कालपासून पाण्यासारखी शी होतेय आणि ओआरएस (क्षार-साखरेच्या पुडीचं पाणी) पाजलं की तो उलटून टाकतो, असं तुम्ही लिहिलंय. अशा वेळी बहुतेकदा ओआरएस सोसत नाही असं नसतं, ते एका दमात जास्त दिलेलं असतं. तहानलेलं मूल वाटीभर घटाघटा पितं, पोट ताणलं जातं आणि सगळं बाहेर येतं.

उलटी झाली की १० मिनिटं काहीच देऊ नका. मग चहाच्या चमच्याने दर दोन मिनिटांनी एक चमचा द्या. चमचा ५ मिलीचा धरला तर तासाभरात १५० मिली पोटात जातं. चमचा ढकलत असेल तर औषधाची बिनसुईची सिरिंज घ्या आणि गालाच्या आतल्या बाजूला हळूहळू सोडा, थेट घशात नको, ठसका लागतो. याला चिकाटी लागते, रात्री तर फारच. दोघांनी आळीपाळीने बसा. पोटात टिकायला लागलं की दर पातळ शीनंतर ५० ते १०० मिली द्यायचं. दोन वर्षांच्या आतल्या मुलांचं प्रमाण हेच आहे.

सर्वात जास्त चुका मिसळताना होतात. मोठी पुडी (साधारण २१ ग्रॅम) पूर्ण १ लिटर पाण्यात, छोटी पुडी (४ ग्रॅमच्या आसपास) २०० मिलीत. पुडीवर लिहिलेलं वाचाच. ‘एक पेला’ हे माप नव्हे, घरातले पेले १५० पासून ३०० मिलीपर्यंत असतात. दुधाच्या बाटलीवरच्या खुणेने मोजा. मोठी पुडी अर्धी करून वापरू नका, त्यातले क्षार आणि साखर सारखे वाटले जातीलच असं नाही. पाणी कमी पडलं तर मीठ जास्त होतं, ते बाळाला घातक. पाणी जास्त झालं तर उपयोग कमी. आतड्यात ग्लुकोज आणि सोडियम जोडीने आत शिरतात आणि त्यांच्यामागे पाणी ओढलं जातं, म्हणून तर हे प्रमाण नेमकं ठरवलेलं असतं. पाणी आधी उकळून गार करा, मिसळल्यावर उकळू नका. चवीला साखर किंवा सरबत घालू नका. २४ तासांनी उरलेलं फेका.

दुकानातली फळांच्या चवीची गोड पेयं किंवा ज्यूस ओआरएसच्या जागी चालत नाहीत. जादा साखर आतड्यात पाणी खेचते आणि जुलाब वाढतात.

अंगावरचं दूध अजिबात थांबवू नका. मऊ भात, मुगाचं वरण, केळं, दही, जे खातो ते थोडं थोडं चालू ठेवा. उपाशी ठेवल्याने बाळ अशक्त होतं. डॉक्टरांकडून झिंकही विचारून घ्या. सहा महिन्यांपुढच्या बाळाला सहसा रोज २० मिग्रॅ, १४ दिवस देतात. शी थांबली तरी कोर्स पुरा करा.

जायफळ उगाळून देण्याचा सल्ला घरातून येईल. कृपया टाळा. जास्त झालं तर गुंगी येते, आणि अंगातलं पाणी कमी झाल्याची नेमकी तीच खूण आपल्याला बघायची असते. मोठ्यांच्या जुलाब थांबवणाऱ्या गोळ्या तर मुळीच नकोत. ‘दात येतायत म्हणून होतंय’ असं म्हणून वाटही बघू नका.

पाणी कमी झालंय का ते असं बघा: डोक्यावरच्या टाळूवर अलगद बोट फिरवा, खोल गेलेली लागतेय का? (या वयात ती बंदही झालेली असू शकते.) रडताना डोळ्यांत पाणी येतंय का? पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली की लगेच सपाट होते की सुरकुती तशीच राहते? सहा ते आठ तास शू नाही, डोळे खोल गेलेत, बाळ मलूल पडलंय, पिऊ शकत नाही, शीमध्ये रक्त आहे किंवा उलटी हिरवी आहे, यातलं एकही दिसलं तर रात्र असली तरी थेट दवाखाना गाठा. वाटेतही चमचा चालू ठेवा, पण बाळ गुंगीत असेल तर तोंडात काही घालू नका.